चुलीपाशी टाकलेलं अंथरूण

सासूबाईंची धाप मी चुलीच्या धुरानं बरी करायला निघाले होते. हसा खुशाल. मी तेव्हा नवीन सून होते, म्हणजे मला सगळंच कळत होतं. लासुर्ण्याच्या आमच्या घरात बियाण्यासाठी ठेवलेली मक्याची कणसं चुलीवरच्या तुळईला टांगलेली असत. धुरामुळं त्यांना कीड लागत नसे. मग छातीतली कीड का मरणार नाही? झाली माझी वैद्यकी!

आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं, अंथरूण उचलून चुलीपाशी टाकलं. धूर भरपूर व्हावा म्हणून बाभळीचं ओलं सरपण घातलं. त्या खोकायला लागल्या की मी म्हणायची, "कीड सुटतीया, जरा कळ काढा."

"कीड न्हाय गं, जीव सुटतोय माजा."

थोड्याच दिवसांत त्यांचे पाय सुजले. बोट दाबलं की खळगा पडायचा. आडवं होता येईना, बसून धापा टाकायच्या. माझं धाबं दणाणलं. चुलीपासून दारापर्यंत नुसत्या येरझारा. भाकरी करपल्या, दूध उतू गेलं. मालकांनी बारामतीला जायला गाडी जुंपली, तर मी पाण्याची कळशी घरी विसरले आणि हातात उलथनं घेऊन गाडीत बसले.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली. "निजतात कुठं?"

"चुलीपाशी," मी ऐटीत सांगितलं.

त्यांनी कानातली नळी काढली. "धुरानं छाती पार खराब झालीय. श्वास पुरत नाही, म्हणून हृदयाला जास्त ओढावं लागतं. पायांची सूज त्याचीच. धुरातून बाहेर काढा यांना, नाहीतर पुढच्या खेपेला गाडी जुंपायची वेळच येणार नाही."

येताना मला गाडीत बसवेना. मी निम्मी वाट चाकामागून चालले. घरी येताच अंथरूण ओसरीवर नेलं. मग औषध पाजायचं आणि हातातलं काम टाकून सारखं बाहेर धावायचं, छाती हलतेय ना बघायला. दळण अर्धवट, धुणं अर्धवट.

असं करता करता सूज उतरली. एका सकाळी बघते, तर आत्याबाई आडव्या होऊन शांत निजलेल्या. मी पायांशी बसून भोकाड पसरलं, "आत्याबाई, मी तुमाला मारलंच असतं की वो!"

त्यांनी डोळे उघडले. उघड्या दारातून आतला धूर ओसरीवर येत होता. तो त्या बघत राहिल्या, मग म्हणाल्या,

"तू चार दिस निजवलंस. मी लगीन झाल्यापास्नं त्याच धुरात भाकरी थापल्या, तवा कुणी इचारलं व्हतं का? रडू नगंस. ऊठ, अंगणात तीन धोंडं मांड. आजपास्नं सैपाक भाईर करायचा, तुजी छाती चांगली हाय तवरच."