मास्तरांची काठी

थोर माणूस गेला तरी त्याची सावली मागे राहते, असे म्हणतात. गेल्या महिन्यात नरहरी मास्तर गेल्याचा निरोप येळ्ळूरहून अनगोळला माझ्याकडे आला तेव्हा वाटले, मास्तरांना हे पटले नसते. सावली जाते, हे त्यांनी भर उन्हात दाखवले होते.

दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट. आम्ही दोघे येळ्ळूरच्या शाळेत शिकवत होतो. आपल्याकडे मेच्या आरंभी आणि पुन्हा ऑगस्टात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा उभ्या काठीची सावली पडत नाही, असे मास्तरांनी वर्गात सांगितले. शाळा कमिटीचे चेअरमन आप्पा यांना भूगोल आपल्या भाच्याला द्यायचाच होता. ते म्हणाले, "दावा बघू. गेली तर भूगोल तुमचा, न्हाय तर भाच्याचा." मास्तरांनी मेमधल्या त्या दिवसाची, बाराची वेळ दिली.

आप्पा फेटा बांधून, अर्धे गाव घेऊन बाराला मास्तरांच्या अंगणात हजर. कमरेएवढ्या काठीची सावली चांगली हातभर पडलेली.

"मास्तर, मग ही कोण झोपलीया हितं?"

"अजून दीड तास आहे, आप्पा. माझ्या घड्याळात साडेदहा झालेत."

सरकारी घड्याळ तसेही आमच्याकडच्या सूर्याच्या अर्धा तास पुढे असे. सरकारने ते युद्धासाठी आणखी तासभर पुढे ढकलले होते. मास्तर आपले घड्याळ काठीवरून लावत. ते युद्धात सामील झाले नव्हते.

"लई झाला भूगोल," म्हणून आप्पा जेवायला गेले, त्यांच्यामागे गाव गेले. मास्तर उन्हात उभेच राहिले. भूगोलाशिवाय त्यांना दुसरे काही शिकवता येत नव्हते...

दीडच्या सुमारास आप्पा भाच्याच्या नेमणुकीचा कागद घेऊन परतले. अंगणाच्या मधोमध येऊन त्यांनी सहज खाली पाहिले आणि थबकले. स्वतःची सावली दिसेनाशी झाली की माणसाचे दिवस भरले, असे आमच्याकडे मानतात.

"मास्तर... माझी कुठं गेली?"

"पायाखाली. सूर्य डोक्यावर आहे."

"परत आणा की तिला."

"भूगोलाचं काय?"

"तुमचाच हो. आधी ती आणा."

मास्तरांनी घड्याळ पाहिले. "जरा थांबा," म्हणाले. पंधरा मिनिटांत काठीच्या पूर्वेला बोटभर सावली उमटली. आप्पांनी कागद फाडला आणि आपली सावली घेऊन घरी गेले.

मास्तर गेले तेही नेमके ऑगस्टातल्या बिनसावलीच्या दिवशी. काठी अजून अंगणात आहे. तिरडी उचलायच्या आधी आप्पांनी सगळ्यांना काठीभोवती उभे केले. युद्धाचा जादा तास कधीच गेला होता; साडेबारा उलटले. सावली पडली नाही. लोकांनी हात जोडले, आप्पांनी डोळे पुसले.

आभाळ सकाळपासूनच भरलेले होते.