पश्चिमेची भिंत

पेंटरमामा माणसांना चेहऱ्यावरून ओळखत नसत, भिंतीवरून ओळखत. "तो नाही का, ज्याच्या बाथरूमला ओल येते?" असं त्यांनी विचारलं की मामी बिनचूक सांगायच्या, "बँकेतला." गल्लीतली निम्मी घरं मामांच्या हातची, म्हणून गल्लीभर ते मामा आणि त्यांची बायको मामी. आतल्या खोल्या काय, कुणीही रंगवतं, असं मामा नाक मुरडून म्हणत. त्यांचा प्रांत घराबाहेरच्या भिंतींचा, आणि बाहेरची भिंत म्हटली की गाठ उन्हाशी.

उन्हाबद्दल बोलायला लागले की मामांना आवरणं कठीण. गिऱ्हाइकाला इमारतीला वळसा घालून मागे न्यायचे आणि हात वर करून ऐकवायचे, "साहेब, बाकीच्या तीन बाजूंना करा हवी तर काटकसर. पण पश्चिमेच्या भिंतीला हात आखडता घेऊ नका. दुपारभर भाजून निघते हो बिचारी!" त्या 'बिचारी'ला त्यांचा आवाज असा काही कातर व्हायचा की गिऱ्हाईक मुकाट्याने भारीतला रंग आणायचं. स्वतःच्या मानेबद्दल हा गृहस्थ एवढा हळवा असता, तर पुढचा घोळ झालाच नसता.

रंगाऱ्याचं तोंड भिंतीकडे आणि पाठ उन्हाकडे. त्यावर मामांच्या धंद्यात एक जुना नियम होता, सावलीच्या मागून रंगवत जायचं. सकाळी पश्चिमेची बाजू, दुपारनंतर पूर्वेची. तापलेल्या भिंतीवर रंग ब्रश फिरवेपर्यंतच सुकतो आणि मग पट्टे दिसतात, म्हणून हा नियम. तो केला भिंतीसाठी, पण त्यात रंगाऱ्याचीही मान वाचायची. अर्थात मालकाला घाई असली की मामा नियम गुंडाळून ठेवायचे आणि भर दुपारी शिडीवर चढायचे, अगदी पोरवयापासून.

अलीकडे तर नियमालाच अर्थ उरला नव्हता. रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूंची झाडं गेली. मामा सध्या रंगवत होते त्या इमारतीसमोर, पश्चिमेला, काचेचं उंचच उंच ऑफिस उभं राहिलं. सकाळचं ऊन त्या काचांवर आपटून उलटं फिरायचं आणि पश्चिमेच्या भिंतीवर, म्हणजे आधी मामांच्या मानेवर, येऊन पडायचं. "एक सूर्य पुरेना म्हणून यांनी दुसरा बसवून घेतला," मामा कुरकुरायचे. पूर्वी जो रंग बिनतक्रार टिकायचा तो आता लवकर विटतो, हे ते येईल त्याला सांगत. उन्हाळाही आता निघता निघत नाही, म्हणत. मान मात्र उघडीच. टोपी घातली तर वर बघताना पडते आणि रुमाल बांधला तर केसांचा भांग बिघडतो! भांगाबाबत मामा फार जपून असत.

संध्याकाळी घरी आले की मामा बनियनवर स्टुलावर बसायचे आणि मामी टर्पेंटाइनचा बोळा घेऊन त्यांच्या अंगावरचे शिंतोडे पुसायच्या. लग्नापासूनचा हा शिरस्ता. "अहो, तुम्ही भिंत रंगवता की भिंत तुम्हाला?" हेही तेव्हापासूनचंच. दिवसभरातलं सगळं बोलणं या स्टुलावर व्हायचं, भांडणंसुद्धा. पुसता पुसता मामींना मानेवर, कानाच्या जरा खाली, एक तांबूस शिंतोडा लागायचा. घासला की वरची खपली निघायची, पण आठवडाभरात तो पुन्हा हजर.

"हा कसला हो चिवट?"

"गेटचा प्रायमर. लोखंडाचा तांबडा प्रायमर असाच असतो, जाम सुटत नाही."

मामी आणखी जोर लावून घासायच्या. असे कितीतरी दिवस गेले.

मग एका संध्याकाळी बोळा थांबला. मामींनी नवऱ्याचे हात पाहिले, ते निळे. कानाची पाळी पाहिली, तीही निळी. भुवईतसुद्धा निळा ठिपका. मानेवर मात्र तांबडं.

"अहो, गेटचं काम कधी संपलं?"

"झाले की महिने. आता नुसता निळा चाललाय."

"मग हा तांबडा कुठून आला?"

मामांनी मानेला हात लावून पाहिला. तो शिंतोडा मामांवर पडलेला नव्हता, मामांचाच होता.

मामींनी बोळा खाली ठेवला. "उद्या डॉक्टर," त्या म्हणाल्या. मामांनी उडवून लावलं. पश्चिमेची भिंत अर्धी राहिली आहे, ती झाल्यावर बघू. शिवाय, "आपली कातडी काळी. पक्का रंग आहे. उन्हाला भीक घालत नाही."

सकाळी पाहतात तर पिशवीत ब्रश नाहीत. मामींनी ते कपाटात ठेवून किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली होती. मामांनी आदळआपट केली. नवे घेईन अशी धमकीही दिली, पण ती पोकळ आहे हे दोघांना माहीत होतं. नवा ब्रश केस सोडतो, हात बसलेला ब्रश तो हाच. दहा वाजता मामा दवाखान्यात होते.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून मान पाहिली. "यावर काही लावत होतात का?"

मामी जमिनीकडे बघत म्हणाल्या, "टर्पेंटाइन. मीच रोज घासत होते."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "त्यानं हे झालेलं नाही. पण यापुढे घासू नका. हे काम उन्हाचं आहे. एका उन्हाळ्याचं नाही, सगळ्या वर्षांचं साठत आलेलं."

"पण मी तर काळा..." मामा म्हणाले.

"काळ्या कातडीला थोडं संरक्षण असतं, मामा. गॅरंटी नसते."

"कॅन्सर आहे का?" मामींनी सरळच विचारलं. इतका वेळ भिंतीवरचे पोपडे मोजणारे मामा बाईंकडे वळले.

"असू शकतो. डाग सगळा काढून तपासायला पाठवू, मग कळेल."

रिपोर्ट यायला आठवडा होता. मानेवर टाके आणि पट्टी, मामा घरी. दिवसभर काम नाही, म्हणून त्यांनी मागच्या अंगणातला बाक उरलेल्या निळ्या रंगानं रंगवायला घेतला, तोही सावलीत ओढून. संध्याकाळी सवयीनं स्टुलावर जाऊन बसले. पण मामींना बोळा उचलवेना. एवढे दिवस आपण प्रेमानं जे घासत होतो ते काय होतं, हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. दाराशी उभ्या राहून त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

मामांनी निळा हात पुढे केला. "पूस की गं. बाकीचा मी तोच आहे."

रिपोर्ट आला. कॅन्सरच्या उंबऱ्याशी पोचलेला डाग, पण आत शिरलेला नव्हता आणि मुळासकट निघाला होता. मामींचा जीव भांड्यात पडला आणि मामांची जीभ पूर्ववत सुटली. बाईंनी सनस्क्रीनची ट्यूब लिहून दिली तेव्हा त्यांनी उलटतपासणीच घेतली. सुकायला किती वेळ? दुसरा हात कधी? काय, दोन तासांनी? "बाई, माझा रंग दोन तासांत गेला तर गिऱ्हाईक मला शिडीवरून ढकलेल!"

"भिंतीला घाम येत नाही, मामा," बाई हसत म्हणाल्या. "आणि मान झाकणारी टोपीही हवी." मामांचा हात आपसूक डोक्याकडे गेला. "भांग गेला तरी चालेल."

आता रोज सकाळी मामा स्टुलावर बसतात. मागे झालर असलेली टोपी मांडीवर असते. ती पाहून गल्लीतली पोरं हसतात आणि मामा त्यांना खोटं खोटं मारायला धावतात. स्वतःची मान स्वतःला दिसत नाही, म्हणून ट्यूब मामींच्या हातात. कानामागे, पाळीवर, टाक्यांच्या खुणेच्या सगळ्या बाजूंनी त्या सावकाश बोट फिरवतात.

"अगं पुरे, किती थापतेस? संपेल ना ट्यूब!"

"गप्प बसा," मामी म्हणतात. "पश्चिमेची भिंत आहे ही माझी."