नकाशातील निळी टाकी

वर्दी उतरवल्यानंतर हाताळलेले ते एकमेव प्रकरण आजही माझ्या स्मरणात जसेच्या तसे आहे. अबू धाबीत अल रीम आयलंडवर मी मुलाकडे मुक्कामास होतो. प्रातःसंध्या आटोपली आणि मुलाच्या एका स्नेह्याचा फोन आला. ते शारजाच्या हमरिया फ्री झोनमधील मराठी व्यापारी. अमेरिकेतील रुक्ष, गुरांच्या कुरणांच्या आणि रेल्वेच्या मुलखाचा जुना भूमापन नकाशा त्यांनी शारजा औद्योगिक क्षेत्रातील एका कारागिराकडे स्वच्छ करून फ्रेम करण्यास दिला होता.

"काका, त्याने ओरिजिनल ठेवून कॉपी दिली. स्टेशनापाशी निळी पाण्याची टाकी होती, ती यात नाहीच. उद्या कम्प्लेंट करतोय."

तक्रार झाली असती तर त्या रत्नागिरीकर कारागिराची वीस वर्षांची पत आणि बहुधा व्हिसाही गेला असता. मला तेथे कोणताही अधिकार नव्हता. तरीही मी व्यापाऱ्यांना थांबवले आणि आम्ही दोघे त्याच दुपारी नकाशासह दुकानात गेलो. आत शिरताना माझाही कल तक्रारदाराकडेच होता.

मी कारागिराला तेच प्रश्न तीनदा, क्रम बदलून विचारले. पाठ केलेला जबाब अशा वेळी अडखळतो. याचा अडखळला नाही. नकाशा पालथा घालून त्याच्या मागे चिकटवलेले कुजलेले कापड सोडवले, कसरीने पाडलेले एक भोक कोऱ्या कागदाने बुजवले, टाकी पाहिलीच नाही, एवढेच तो सांगत होता.

"त्या कापडाचे काय केलेत?"

"ठेवलंय, साहेब. गिऱ्हाइकाची चीज सडकी असली तरी फेकणारा मी कोण?"

त्याने फळीवरून पाकीट काढले. त्यावर मालकाचे नाव आणि तारीख होती. आमच्या ठाण्यातील मुद्देमालालाही इतके नीट लेबल क्वचितच असे. कापड उलगडले, तर त्यावर एक निळा ठिपका. फ्रेममधून काढलेल्या नकाशामागे कडेला कड जुळवून ते मी खिडकीच्या उजेडात धरले. ठिपका बुजवलेल्या भोकावर, स्टेशनाशेजारी अचूक बसला. पूर्वीच्या कोणा मालकाने भोकातून दिसणाऱ्या कापडावरच टाकी रंगवली होती.

व्यापाऱ्यांनी कारागिराचा हात हातात घेतला. "भाई, माझं चुकलं."

"खलास, साहेब, विषय संपला. टाकी रंगवून देऊ काय?"

"नको. ते पाकीट फ्रेमच्या मागे लावून द्या."

सेवेत असताना मी संशयितांना काय घेतले, हेच विचारत आलो. काय जपून ठेवले, हे विचारण्याची सद्बुद्धी परमेश्वराने मला इतक्या उशिरा दिली. माझ्या सेवापुस्तकात या तपासाची नोंद नाही. मला अभिमान मात्र याचाच अधिक वाटतो.