देवाची विहीर आणि दिरांचा पेनड्राइव्ह

२१ एप्रिल. महाडच्या दवाखान्यामागच्या नळावर सुनेचे कपडे पिळत होते, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. हेपॅटायटिस ई, म्हणाल्या. पाण्यातून पोटात गेलेल्या विषाणूने यकृताला आलेली सूज. आपण कावीळ म्हणतो आणि झाडपाल्याचं औषध शोधत फिरतो. एरवी बहुतेक माणसं विश्रांतीने बरी होतात. पण सुनेला, प्राजक्ताला, सातवा महिना होता. गरोदरपणात हीच कावीळ जिवावर उठते, हे बाईंनी लपवलं नाही.

मुलगा आखातात नोकरीला. ऐकायला मी आणि माझे धाकटे दीर.

पाणी कुठलं, हे मला विचारावं लागलं नाही. आमचं गाव पोलादपूरच्या वर. शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे देवाच्या चौथऱ्यावर, बसली की देवाच्या स्नानाचं आणि गावाच्या पिण्याचं पाणी एकाच विहिरीचं. त्या दिवसांत विहिरीत टीसीएल पावडर टाकत नाहीत. देवाच्या अंगावर औषधाचं पाणी नको, हा हट्ट उत्सव कमिटीचा, म्हणजे दिरांचा. मुंबईहून आलेलं अख्खं गाव, विहिरीच्या वरच्या अंगाला संडास, आणि पाणी शुद्ध करायची पावडर पिशवीतच. मी तेव्हाच बोलले होते. "वहिनी, देवाच्या पाण्याने आजवर कुणाला काय झालाय?" म्हणून ते हसले होते. आता गावात आणखी दोघांचे डोळे पिवळे होते.

औषध द्या म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "विषाणू एकटा काही करू शकत नाही. तो पेशीत शिरतो आणि तिलाच आपल्या नकला काढायला बसवतो. त्याला मारणारं औषध गरोदर बाईला देता येत नाही. तिचं शरीर त्याला ओळखून लढेल. तोवर आपण तिला सांभाळायचं."

सांभाळायचं म्हणजे रोज पीटी-आयएनआर. रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते यातून कळतं. आकडा चढत गेला तर यकृत हार मानतंय असं समजायचं आणि तडक मुंबई गाठायची. सातव्या महिन्यात, घाबरलेल्या पोरीला घेऊन, तेवढा रस्ता.

तिसऱ्या दिवशी आकडाच मिळेना. दवाखान्यातला कॉम्प्युटर बंद पडला होता. पडद्यावर पैसे भरा अशी धमकी, आधीचे सगळे रिपोर्ट कुलूपबंद. दिरांनी बसल्या बसल्या कंटाळून ऑपरेटरला पालखीचा व्हिडिओ दाखवला होता. पेनड्राइव्ह मुंबईतल्या चार दुकानांत फिरून आलेला. त्यातून व्हायरस आत गेला. जपून ठेवायची प्रत दुसऱ्या डिस्कवर होती, पण ती डिस्क त्याच मशीनला जोडलेली. तीही गेली.

बाई थकून हसल्या. "हा पण तसाच. मशीनलाच स्वतःच्या कामाला लावतो. फक्त मशीन आपणहून बरं होत नाही. तार काढायची, सगळं पुसायचं, आणि लांब ठेवलेल्या प्रतीवरून पुन्हा भरायचं."

मला हसू आलं नाही. मी दिरांना व्हरांड्यात नेलं. "भावजी, एका शिमग्यात दोन रोग आणलेत तुम्ही. दोन्ही देवाच्या नावावर."

ते म्हणाले, "मला काय ठाऊक, वहिनी?"

हेच. ठाऊक नाही, आणि सांगितलेलं ऐकायचं नाही.

कालचा आकडा नाही, म्हणजे आजचा चढला की उतरला कळणार कसं? बाईंनी सकाळी एकदा आणि संध्याकाळी पुन्हा रक्त घेतलं. आकडे कागदावर लिहून आणवले. अ‍ॅम्ब्युलन्स दिवसभर दारात. प्राजक्ताला मळमळ, अंगाला खाज, आणि एकच प्रश्न, "आई, बाळ हलतंय ना?" पोटावर हात ठेवून मी हो म्हणत होते. हलत होतं.

संध्याकाळचा आकडा किंचित उतरला होता. "वळलं," बाई म्हणाल्या. अ‍ॅम्ब्युलन्स परत गेली. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या घरी गरोदर बाई असेल, तर पाणी उकळून द्या. विहीर कुणाची, हे पाहू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाईंना तिच्याजवळ बसवून मी दिरांना घेऊन गावी गेले. टीसीएल बादलीत कालवलं, गाळ खाली बसू दिला.

"देवाला आधी विचारायला हवं होतं, वहिनी."

"तुम्ही विचारा," मी म्हटलं. "पण आधी बादली सोडा."

त्यांनी वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेतलं आणि दोर विहिरीत सोडला.