एक कोयता, दोन रणगाडे

तव्यावर भाकरी होती आणि दांडीवरच्या कपड्यांवर औष्णिक केंद्राची राख बसायच्या आत ते काढायची घाई होती, तेवढ्यात दार वाजलं. कुरिअरवाला. पाकिटावर पत्ता आमचा, नाव रामप्रसाद बबनरावांचं. रामप्रसाद म्हणजे शेजारच्या खोलीतल्या मनिषाचा नवरा. त्या खोलीला नंबरच नाही, म्हणून पत्ता मीच आमचा दिला होता.

चार वर्षांपूर्वीपर्यंत ही दोघं ऊसतोडीला जायची. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना मनिषा घसरली, मांडीचं हाड मोडून आत सळई बसवावी लागली आणि तोड सुटली. रामप्रसाद परळीतच राखेच्या टिप्परवर लागला. ती घरात बसली, पण बसून राहणं तिला कधी जमलंच नव्हतं. नवऱ्याच्या मोबाईलवर रणगाड्यांच्या लढाईचा खेळ होता. तो तिनं वेळ घालवायला घेतला आणि महिनाभरात नवऱ्याला मागे टाकलं.

त्या खेळात एक स्फोटक गोळा आहे. तो चिलखत फोडून आत जात नाही, बाहेर फुटतो आणि आसपासच्यांना मार देतो. हलके रणगाडे चालवणारे रडायचे की नुसता शेजारी पडला तरी आम्ही मरतो. तोफ मोठी असलेले म्हणायचे, ताकद कमी केली तर हा गोळा घ्यायचाच कशाला? शेवटी कंपनीनं खेळणाऱ्यांनाच सांगितलं, मोजून कळवा.

मनिषानं ते मनावर घेतलं. नवऱ्याचा जुना मोबाईल होताच. दर रविवारी रामप्रसाद त्यावर आपला रणगाडा मैदानात उभा करायचा आणि ही गोळे मारायची. कधी थेट अंगावर, कधी एक हात लांब, कधी दोन हात लांब. दर गोळ्याला रणगाड्याचा किती जीव उरला ते वहीत. रामप्रसाद गल्लीभर सांगत फिरायचा, बायकोनं दोन हजार येळा उडवलं, तरी चहा मलाच करावा लागतो.

चार महिन्यांनी तिला दुखणं सापडलं. जमिनीवर फुटलेल्या गोळ्याचा मार खेळ दोनदा धरत होता, एकदा चाकांवरच्या पट्ट्याला आणि एकदा अंगाला. जड रणगाडा ते सोसायचा, हलका मरायचा. तिचं म्हणणं होतं की गोळ्याची ताकद आहे तेवढीच ठेवा, मार एकदाच धरा आणि अंतर वाढेल तसा कमी करा. ''नेम धरणाऱ्याला शिक्षा कावून?'' असं तिनं मला विचारलं होतं. तिचे तक्ते मी इंग्रजीत उतरवले.

सगळ्यात शेवटी एक अर्ज होता. चाचणी किती जणांनी केली? ती म्हणाली, एक. नाव काय घालू? तर म्हणाली, त्यांचंच घाला. आणि मी घातलं.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस आला तर तो अर्धा. मुकादमाच्या यादीत नाव एकच, बाप्याचं. बारा हंगाम ती अशी मोजली गेली, तिच्या तोंडून 'एक' निघालं यात नवल नाही. पण मी? याच विषयावर मी बी.ए.ला परीक्षेत चार पानं लिहिली होती. टाईप करताना माझं बोट क्षणभरही अडलं नाही.

पाकिटातल्या पत्रात लिहिलं होतं की तिची दुरुस्ती जशीच्या तशी खेळात येणार आहे. खेळात आभाराच्या पानावर रामप्रसादचं नाव लागेल. शिवाय कायमच्या चाचणी गटात, घरी बसून करायच्या कामाला, एक जागा आहे. तीही रामप्रसादला. होकार शुक्रवारपर्यंत.

निरोप मिळताच दुपारी रामप्रसाद राखेनं भरलेल्या भुवयांनीच पेढे घेऊन आला. मनिषानं हळूच विचारलं, नाव तुमचंच का राहणार? तो मनापासून हसला. ''आगं, माझं काय आन् तुझं काय, एकच हाय की. तू सांगत जा, मी बटनं दाबतो.''

संध्याकाळी टिप्परवाले जमले. लखन म्हणाला, ''काय बे कमांडर, दोनदा कसा लागत होता रे तो गोळा?'' रामप्रसादनं पेढा गिळला आणि सांगितलं, ते लई आतलं हाय, तुला न्हाई कळायचं. मनिषा तिथंच कपबशा गोळा करत होती. तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या उंबऱ्यावर येऊन बसली, पाय लांब करून. चूक माझी झाली, असं मी म्हणायला लागले, तर तिनं हातानंच थांबवलं.

''सांगणारी मीच हुते, ताई,'' ती म्हणाली. ''त्यांचं नाव काढू नका, गोळे खायला ते उभं ऱ्हायले हुते. फकस्त त्या लोकांना येक मेल करा. माणसं दोन हुती. गोळे मनिषानं मारले आन् मनिषानंच मोजले. तेवढं लिवा.''