देवाच्या पंगतीची वाढपीण

आभार मानलेले बायबलबाईंना मुळीच खपत नसत. कुणी हात जोडले की त्या खवळत. "माह्या घरचं हाये का ते? देवाची पंगत हाये, मी वाढपीण. वाढपिणीचे पाय कोनी धरते का?" असं म्हणून समोरच्याला अशा फैलावर घेत की बिचाऱ्याला वाटावं, आपण भाकरी घेतली की चोरली.

मिशनच्या पगारावर घरोघरी जाऊन बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवायचं, हे त्यांचं काम. म्हणून सारं बुऱ्हाणपूर त्यांना बायबलबाई म्हणे. मूळच्या जसोंडीच्या, विधवा, मूलबाळ नाही. चर्चच्या आवारात एक खोली, तिच्यामागे विहिरीच्या सांडपाण्यावर पोसलेल्या केळी आणि तोंडात धारदार जीभ, एवढीच त्यांची इस्टेट. तरी ऐटीत सांगत, "देवानं मले लय देलं." आणि ते जे लय दिलेलं असे, ते संध्याकाळपर्यंत वाटून मोकळ्या होत.

एका थंडीत माझ्या बाबांनी त्यांना गरम शाल दिली. आठवडा झाला नाही तोच ती जैनाबादच्या एका भाजीवालीच्या अंगावर दिसली. बाबा चिडले. "बाई, मी ती तुम्हाला दिली होती."

"मले पोचली ना? मंग तुमचं काम झालं. माह्यं काम मले करू द्या." बाबांनी पुन्हा कधी त्यांना शाल दिली नाही.

प्रार्थनासुद्धा त्या भांडल्यासारखी करत, आणि तीही उघड्या डोळ्यांनी. "देवा, त्या पोरीच्या अंगात ताप हाये, तुले दिसत नाही का?" मग जरा थांबून, "मले दिसून राहिलं म्हंजे तूच दाखवून राहिला. बरं, चालली मी." आणि खरंच उठून चालू लागत. चर्चचे पाळकसाहेब मिटल्या डोळ्यांनीच कपाळाला आठ्या घालत.

नुकतंच स्वराज्य आलं होतं. संस्थानं विलीन होत होती, देश एक होतोय असं रेडिओ रोज सांगत होता. मिशनचे गोरे साहेब मायदेशी गेले आणि चर्चच्या किल्ल्या आमच्या पंचांच्या हाती आल्या. त्याच सुमारास शहराच्या शनवारा दरवाज्याबाहेर सिंधी निर्वासितांच्या राहुट्या पडल्या. घरदार मागे टाकून आलेली माणसं. आमच्या मंडळींनी रविवारी त्यांच्यासाठी लांबलचक प्रार्थना केली आणि आपलं कर्तव्य झालं असं समजून सगळे घरी जेवायला गेले. त्याची मला आजही चीड येते.

दिवाळीनंतर हंगामाचा सण आला. या सणाला आम्ही ख्रिस्ती लोक शेतातलं पहिलं पीक, भाजी, कोंबडी, जे असेल ते देवापुढे ठेवतो. उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव होतो आणि पैसा चर्चला जातो. हेतू चांगलाच, पण एका लिंबासाठी बडी मंडळी इरेला पेटतात, आणि ती बोली देवापेक्षा शेजाऱ्याच्या कानांसाठी असते. बोली पुकारायचं काम बाबांकडे होतं. त्या वर्षी बायबलबाईंनी आणलेला केळीचा घड सगळ्यांच्या डोळ्यांत भरला. मुख्य पंच आणि एक कापसाचे व्यापारी त्याच्यासाठी हट्टाला पेटले.

कुंपणापलीकडे राहुट्यांमधली बायकापोरं उभी होती. मागत नव्हती, नुसती बघत होती. बायबलबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, बाबांच्या पुढ्यातला घड ओढला आणि कोयता घेऊन तडक फाटकाकडे निघाल्या.

"बाई! ते देवाला वाहिलेलं आहे!" मुख्य पंच ओरडले.

"त्यालेच देऊन राहिली. देव बाहेर उभा हाये, अन् तुमी आत बोली लावून राहिले!"

फाटकाशी वेगळाच पेच उभा राहिला. बाईंनी घडातून कापून पुढे केलेली केळ्यांची फणी पाहून एका सिंधी बाईने आपल्या पोराचा हात मागे ओढला. "अम्मा, हम भीख नहीं लेते."

बायबलबाईंचा पारा चढला. "भीख कौन दे रहा है? मेरा है क्या ये? पंगत उसकी है, मैं तो परोसनेवाली. बैठो!" ती बाई गडबडून खाली बसली आणि मग सगळीच बसली.

संध्याकाळी पंच बसले. मी तेव्हा शाळेत शिकवू लागले होते, तरी पंचांपुढे बोलायची बायकांना सोय नव्हती. खिडकीशी उभं राहून ऐकलं. सगळ्यांची माफी मागा, नाहीतर नोकरी आणि खोली दोन्ही सोडा, असा निकाल झाला. बाई म्हणाल्या, "चुकली असन त देवाची मागीन. तुमचं काय खाल्लं मी?" बाबाही तिथेच मान खाली घालून बसले होते. ज्या गळ्याने सकाळी बोली पुकारून सारं आवार दणाणून सोडलं, त्यातून बाईंसाठी एक शब्द निघाला नाही. कित्येक दिवस मी बाबांशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायबलबाई वळकटी आणि ट्रंक घेऊन फाटकाबाहेर बसलेल्या. आमच्याकडे चला म्हणून मी विनवलं, तर म्हणाल्या, "नको पोरी, तुह्या बापाले अवघड होईन." तेवढ्यात कालची ती सिंधी बाई आली आणि तिने सरळ ट्रंकच उचलली. "चलो अम्मा, हमारे तंबू में जगह है."

जन्मभर देत आलेल्या बाईंना घेणं जमेना. "नहीं बेटी, तुम लोगों को ही जगह कम है..."

ट्रंक खाली न ठेवता ती म्हणाली, "भीख कौन दे रहा है, अम्मा? मेरा है क्या ये?"

 पदराने डोळे पुसून बायबलबाई तिच्यामागून चालू लागल्या.

शेवटपर्यंत त्या तिथेच राहिल्या. राहुटीची पुढे पत्र्याची खोली झाली, खोलीमागे केळी लागल्या. गेल्या तेव्हा खांदा द्यायला सिंधी पोरं होती, आणि भाषणं करायला आमचे पंच. चर्चमध्ये त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी लागली, 'थोर दात्री'. जिवंतपणी जिला खोली नाकारली, तिला मेल्यावर भिंत दिली! आणि तीही दात्री म्हणून. बाईंनी वाचलं असतं तर पाटीवर कोयताच चालवला असता.

लिलाव अजून होतो. मीही दर वर्षी घड घेऊन जाते, पण आत नेत नाही. फाटकाबाहेर बसून फण्या कापते. गेल्या सणाला एका म्हाताऱ्याने केळं घेऊन मला हात जोडले, तर मी अशी खेकसले की तो दचकून मागेच सरला.

"माझ्या घरचं आहे का ते?" मी म्हटलं. "बसा. खा."