आवाज ओळखणारे अकरा

मोताळ्याच्या जिनिंगमध्ये कचरूने चोवीस वर्षं काढली. हजेरीपटावर तो शेवटपर्यंत हेल्पर राहिला, काम मात्र फिटरचं केलं. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मशीनला चामड्याचा रोलर असतो. त्या चामड्यावरच्या खाचा घासून गुळगुळीत झाल्या की तो कापूस धरत नाही. फुटकी सरकी रुईत दिसायला लागली की मग बाकीच्यांना ते कळायचं. कचरूला आवाजावरून आधीच कळायचं. चौदा मशीन चालू असताना तो दाराशी उभा राहून बिघडलेल्या मशीनचा नंबर सांगायचा.

जिनिंग बंद पडली तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. दोन वर्षं मिळेल ते काम केलं. मग मलकापूर रस्त्याला नवी जिनिंग उभी राहिली. फिटरची एकच जागा होती. अर्जासोबत स्वतःची माहिती देणारं पत्र जोडावं, असं गेटवर लिहिलं होतं.

त्याची मुलगी राखी हिने मोबाईलमध्ये पाहून पत्र लिहिलं आणि वाचून दाखवलं. "मी मेहनती, प्रामाणिक व जबाबदार असून..."

"हे कोणाचं व्हय?"

"तुमचंच, बाबा."

"यात मी कुठी आहो? हे तं बँडवालाबी लिवीन."

"मंग काय लिवू? घरची परिस्थिती हलाखीची?"

"ते शाळेतल्या फीमाफीले. मशीनले आपली परिस्थिती मालूम नसते."

तीन दिवस तो सांगत होता आणि राखी खोडत होती. 'मेहनती' हा शब्द त्याने काढायला लावला. मेहनत केली की नाही ते वाचणाऱ्याला कळू दे, म्हणाला. हेल्पर हा शब्द झाकावा असं राखीचं मत होतं. त्याने लिहायला लावलं, 'कागदावर हेल्पर आहे, काम फिटरचं केलं.' साहेब एकच ओळ वाचेल हे धरून त्याने सगळ्यात वर घेतलं, 'कोणत्या मशीनचा रोलर घासला, ते मी आवाज ऐकून सांगतो. सरकी फुटायच्या आत.' पत्र एका पानात बसलं. त्यातलं एकही वाक्य फुकटचं नव्हतं.

स्टँडजवळच्या भाऊरावने ते आपल्या झेरॉक्सच्या दुकानात टाइप केलं. "कचरूभाऊ, असं पत्र माह्या दुकानातून आजलोक नाही निंगलं!"

त्या दिवशी कचरू घरी ताठ चालत आला.

नव्या जिनिंगमधून बोलावणं आलं. हिंमतराव मॅनेजरने टेबलावर अकरा कागद ओळीने मांडले.

"सगळ्यांनाच आवाज ऐकू येतो. काहो, मोताळ्यात काही साथ आली काय?"

कारकून हसला. कचरूने वाकून पाहिलं. अकराही कागदांवर त्याचीच ओळ होती, नावं तेवढी वेगळी. एकाने तर चोवीस वर्षंही तशीच ठेवली होती. त्याचं वय होतं सव्वीस.

"साहेब, मूळ पत्र माहं आहे."

"दहा जण हेच सांगून गेले."

"मशीन चालू करा. इथून सांगतो."

"मशीन कोऱ्या आहेत. कापूस दसऱ्याले येईन. न घासलेल्या रोलरचं काय ऐकसान?"

मॅनेजरने जुन्या जिनिंगचा दाखला मागितला. त्यावर हेल्पर होतं.

"आयटीआय?"

"नाही."

मॅनेजरने त्याचा कागद गठ्ठ्याच्या तळाशी सारला.

परतताना तो दुकानात गेला. भाऊरावने काही लपवलं नाही. "जो येते त्याले तेच देतो. नाव बदललं का झालं. चांगलं होतं म्हणून ठेवलं, कचरूभाऊ. वाईट असतं तं पुसून टाकलं असतं."

यावर भांडायचं तरी कसं?

आठ दिवसांनी सकाळी गणेश पेढे घेऊन आला. मोटारी दुरुस्त करणारा, आयटीआय झालेला, त्या अकरांतलाच एक. जागा त्याला मिळाली होती.

"काका, एक अडचण आहे. साहेब म्हणते, सीझन लागला का आवाज ऐकून दाखव. कसा बदलते हो तो?"

"पत्र देतानी नाही सुचलं विचाराले?"

"तवा कोणाले वाटलं होतं, नोकरी लागीन म्हणून?"

राखी उठून आत गेली.

कचरूने पेढा तसाच बाजूला ठेवला. वाटेल ते सांगून त्याला वाटेला लावता आलं असतं. पण काम चुकीचं शिकवणं त्याच्याने होईना. चांगला रोलर कसा चालतो ते त्याने तोंडाने करून दाखवलं. ते जमलं. मग घासलेल्याचा आवाज काढायला गेला. चोवीस वर्षं जो दारातून ओळखला, तो घशातून येईना.

गणेशने मोबाईल काढून रेकॉर्डिंग लावलं. "पुन्हा एकदा, काका."

कचरूने पुन्हा ओठ आवळले. नुसती हवा निघाली.